मंदाकिनी घोगरे यांचा संदर्भ

बिराजदार सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या हस्तलिखितातल्या एका ओळीवर बोट टेकवलं.

"हे कशावरून?"

ओळ साधीच होती. 'पेठेतल्या सर्व विहिरींमध्ये वेशीबाहेरच्या वस्तीतल्या विहिरीचे पाणी सर्वांत गोड होते.' तिच्याखाली मी रीतसर तळटीप दिली होती. लेखिकेचं पूर्ण नाव, लेखाचं नाव, कॉलेजच्या वार्षिक अंकाचं साल, पान. स्वल्पविरामसुद्धा सरांच्या शिस्तीप्रमाणे जिथल्या तिथे.

"तळटीप दिलीय सर."

"ती दिसते मला. तू कुठून घेतलंस ते त्यात आहे. तिनं कुठून घेतलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सरांपुढे उत्तर नसणं म्हणजे काय, ते आमच्या सोलापूरच्या कॉलेजात इतिहास विभागाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही विचारा. हा माणूस प्रबंध मागून वाचायचा. आधी संदर्भसूची, मग तळटिपा, आणि एवढ्यातून तुम्ही तावून सुलाखून निघालात तर मजकूर. संशय आला की उठून कपाटातलं पुस्तक काढायचे, तुम्ही दिलेलं पान उघडायचे आणि पुस्तक तुमच्यासमोर उलटं फिरवून ठेवायचे. त्या पानावर ते वाक्य नसलं तर सर नुसते पंख्याकडे बघत बसत. ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. आजची मुलं तळटिपेत निळ्या अक्षरांतला एखादा पत्ता चिकटवतात आणि मोकळी होतात. त्यांना मी सरांच्या खोलीत अर्धा तास बसवलं असतं.

हे शहाऐंशी सालचं. मी एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि लघुप्रबंधाला विषय घेतला होता शहराच्या जुन्या पेठेतल्या विहिरींचा. त्या बहुतेक बुजल्या होत्या. कुणावर पिठाची गिरणी उभी होती, कुणावर सायकलींचं दुकान. सरकारी गॅझेटियरमध्ये त्यांच्याबद्दल दोन ओळी होत्या, त्याही एकमेकींशी न जुळणाऱ्या. मी हताश होऊन बसले होते, तेव्हा ग्रंथालयात पंचावन्न सालचा वार्षिक अंक हाती लागला. 'आमच्या पेठेतील पाणी', लेखिका कु. मंदाकिनी रामचंद्र घोगरे, इंटर आर्ट्स. चारच पानं, पण काय पानं होती. कुठल्या विहिरीवर कोण भरतं, रहाट कुणाचा, भांडणं कशावरून होतात, आणि प्रत्येक विहिरीच्या पाण्याची चव. गोड, मचूळ, सवळ, जड. 'दगडी विहिरीचे पाणी पहिल्या घोटाला गोड, मागाहून खडूसारखे.' असं कुणी लिहितं का कॉलेजच्या अंकात? मी त्या पोरीच्या प्रेमातच पडले. माझं तिसरं प्रकरण सगळं तिच्या खांद्यावर उभं होतं.

सर म्हणाले, "विहिरीची खोली मोजता येते. पाणी कोण भरतं ते उभं राहून बघता येतं. पण पंचावन्न साली घोगऱ्यांच्या घरातल्या मुलीला त्या वस्तीतलं पाणी गोड आहे हे कळलं कसं? ऐकलं असेल तर कुणाकडून ऐकलं ते सांगायला पाहिजे. मनानं लिहिलं असेल तर सगळा लेखच गेला."

सर जरा नरमले आणि म्हणाले, की बाई हयात असेल तर शोध, भेट, विचार. नसेल तर हे प्रकरण काढून टाक. प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता.

प्रकरण काढलं असतं तर मागे गॅझेटियरचा उतारा उरला असता, आणि उताऱ्याला कुणी फर्स्ट क्लास देत नाही. आमच्या वडिलांनी गावाकडून निघतानाच बजावलं होतं: फर्स्ट क्लास आला तर पुढं शीक, नोकरी कर, मी आडवा येणार नाही, नाहीतर यंदाच्या मार्गशीर्षात स्थळं बघायची. वडील शब्दाचे पक्के होते, दोन्ही बाजूंनी.

मी राहायला होते विष्णुमामाकडे. मामा महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून. स्वभावानं इतका गरीब, की नळाला पाणी आलं नाही तर शेजारपाजारच्यांना स्वतःच घरोघरी जाऊन कारण सांगून यायचा. मामीचं नाव रमा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझे लाड दोघंही करत. मामी न बोलता आणि मामा बोलून बोलून. मामी कमीच बोलायची. मामाची आई, म्हणजे माझी आजी, होती तोवर तर घरात मामीचा आवाज ऐकू येतच नसे, आणि आजी जाऊन चार-पाच वर्षं झाली तरी ती सवय काही गेली नव्हती.

मामीचं माहेरही घोगऱ्यांचंच, आणि त्याच पेठेतलं. म्हणून मी आल्या आल्या तिलाच गाठलं. ती शेंगा भाजत होती.

"मामी, तुमच्या घोगऱ्यांत कुणी मंदाकिनी होती का?"

तिचा उलथन्याचा हात थांबला नाही. "होती एक."

"कुठं असते आता?"

"लग्न झालं तिचं."

"कुठं दिली?"

"लग्न झाल्यावर पोरगी कुठं असती? नवऱ्याच्या घरी," असं म्हणून तिनं कढई उतरवली आणि मला गरम शेंगा मूठभर दिल्या. मी फुंकर मारत त्या खाल्ल्या आणि पुढच्या शोधाला लागले. असेल कुणी लांबची चुलतबहीण, असं मी धरून चालले. घोगरे मास्तर, म्हणजे मामीचे वडील, कधीच वारले होते. भाऊ पुण्याला स्थायिक झालेले, पेठेतलं घर विकलेलं. दुसरं कुणाला विचारणार?

आमच्याकडे बाई शोधायची म्हणजे मोठं दिव्य. पुरुष जन्मला त्या नावानं मरतो. बाईचं आडनाव जातं, बापाचं नाव जातं, आणि पुष्कळदा स्वतःचं नावही नवऱ्याच्या नावाला शोभेलसं बदललं जातं. मी मात्र पंचावन्न सालच्या नावानं शहाऐंशी सालात हाका मारत फिरत होते. कॉलेजच्या कचेरीत एवढंच कळलं, की घोगरे मंदाकिनी हिचं नाव इंटरच्या परीक्षेआधीच पटावरून कमी झालं. तिच्या वर्गात शिकलेल्या एक शिक्षिका भेटल्या, अंबिकाबाई हिप्परगी. त्या म्हणाल्या, "फार हुशार होती हो. अंक छापून आला आणि पुन्हा वर्गात दिसलीच नाही. आम्ही समजलो आजारी पडली."

नंतर कुठे गेली, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मामानं दारातून पाहिलं आणि माझ्यासाठी भजी घेऊन आला. त्याला सगळ्या दुःखांवर तेवढंच औषध ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यात पाणी फार कमी होतं. नळ आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी यायचे आणि मधल्या दिवसांत टँकर. मामानं आदल्या दिवशी खबर आणली, की उद्या सकाळी आपल्या गल्लीत टँकर आहे. मी आणि मामी हंडे-कळशा घेऊन रांगेत उभ्या राहिलो. नंबर आला. हंडा भरत असताना मामीनं पाइपाखाली ओंजळ धरली, एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला.

"दगडी विहिरीचं आहे," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, आपल्याशीच.

टँकरवाला वळला. "व्हय की मावशी! गिरणीमागच्या दगडी विहिरीवरच भरलाय. आता उपसली की ती पुन्हा. तुम्हाला कसं कळलं?"

"पहिल्यांदा गोड लागतं," मामी म्हणाली, "मागनं खडू."

माझ्या कमरेवरची कळशी मी खाली ठेवली. ते वाक्य मी तीनदा उतरवून काढलं होतं. मला ते पाठ होतं.

आम्ही हंडे-कळशा घरी आणल्या. मामीनं घागरीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि पाणी गाळायला लागली. मी तिच्यासमोर फरशीवर बसले.

"मामी, मंदाकिनी घोगरेला कुठं दिली?"

ती पाणी ओतत राहिली. घागर भरत आली तेव्हा म्हणाली, "सुरवश्यांकडं. तुझ्या मामाला."

मग तिनं सांगितलं. गाळलेलं पाणी भरून झालं, भाजी चिरून झाली, कणीक मळून झाली, तरी ती सांगत होती. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. तिला इतिहासाच्या सरांनी निबंध लिहायला सांगितला होता. बाकीच्या मुलींनी शिवाजी महाराज घेतले, कुणी अहिल्याबाई घेतल्या. हिनं विहिरी घेतल्या, कारण त्यांच्याकडे स्वतःला जाता येत होतं. बरोबर पितळेचा गडू घ्यायचा आणि जायचं. प्रत्येक विहिरीवर पाणी मागायचं, प्यायचं आणि घरी येऊन लिहायचं. चव लिहायची तर प्यायलाच पाहिजे, यात तिला विशेष काही वाटलं नव्हतं. तेल्यांच्या विहिरीवर प्यायली, मशिदीमागच्या विहिरीवर प्यायली. मग वेशीबाहेर गेली. तेव्हा त्या वस्तीला लोक काय म्हणत, ते मामीनं एकदाच सांगितलं आणि पुन्हा तो शब्द उच्चारला नाही.

"तिथं शेवंताबाई म्हणून होत्या. मी गडू पुढं केला तर त्या मागं सरकल्या. म्हणाल्या, 'पोरी, मी वतलेलं चालंल का तुला? तुझ्या घरी ठावं हाय का?' मी म्हटलं, ओता. गडूत नको, ओंजळीतच ओता." मामीनं कणकेचे हात तसेच ओंजळीसारखे धरले. "त्यांनी अशी उंचावरून धार धरली. आणि पाणी काय सांगू तुला प्रमिला. मी दोनदा मागून प्यायले."

लेख छापून आला. घोगरे मास्तर कौतुकानं अंक घेऊन बसले. त्या ओळीपाशी आले आणि त्यांनी मुलीला हाक मारली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, हे तुला कसं कळलं?"

सरांच्या खोलीतला पंखा माझ्या डोळ्यांपुढे आला. मामी पुढे म्हणाली, "खोटं बोलता आलं असतं. ऐकलं म्हणून सांगता आलं असतं. पण मी प्यायले होते. प्यायले म्हणून सांगितलं."

दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद. बाप वाईट नव्हता, ती म्हणाली. मारलं नाही, ओरडलासुद्धा नाही. घाबरला. त्याच्या मागे आणखी मुली होत्या. घाईघाईनं स्थळ पाहिलं. आजीच्या कानावर कुणीतरी ही गोष्ट घातलीच होती. आजीनं सून करून घेतली, पण लग्नाच्या आदल्या दिवशी तिला जवळ बसवून सांगितलं, की विहिरीचं पाणी पिणारी ती मंदा तिकडंच ठेवून ये, आमच्या घरात रमा येईल. मामाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"आणि लेखात लिहिलं का नाहीत? मी स्वतः पाणी प्यायले, असं?" मी विचारलं. मला रडू येत होतं आणि तरी माझ्या डोक्यातला बिराजदार सरांचा विद्यार्थी गप्प बसत नव्हता.

"लिहिलं होतं की. शेवटी, खाली. 'वरील सर्व विहिरींचे पाणी मी स्वतः पिऊन पाहिले आहे.' आमच्या सरांनी ती ओळ काढली. म्हणाले, संशोधनात 'मी' येत नसतो." तिनं कणीक झाकून ठेवली. "शिस्तीसाठी काढली, का मला वाचवायला काढली, ते मला अजून कळलेलं नाही."

मी म्हटलं, आता ती ओळ मी घालते. तुमची मुलाखत म्हणून तळटीप देते. ती पोळ्या लाटायला बसली. मग मी धीर करून विचारलं, की नाव काय लिहू? रमा विष्णू सुरवसे, आणि पुढे पूर्वाश्रमीच्या मंदाकिनी घोगरे, असं चालेल?

"रमा कुठली गेली होती विहिरीवर?" मामी म्हणाली. "रमाच्या घरी पहिल्यापास्नं नळ आहे. लिहायचं तर मंदाकिनीच लिही. पण आधी ह्यांना सांगू दे मला."

रात्री पान वाढल्यावर तिनं सांगितलं. मामा जेवत होता. तिनं उभ्याउभ्याच, भाकरीची चळत हातात धरून, तीन-चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. मामाचा घास हातात राहिला. मी खाली मान घालून भाताचे दाणे मोजल्यासारखं करत होते. मामा आईवेडा माणूस. आईची ही बाजू त्याला कशी सोसेल, याची मला धास्ती होती.

मामानं हातातला घास ताटात ठेवला. मग मामा म्हणाला, "ते तांदळातलं नाव मीच लिहिलं होतं."

"तुम्हीच लिहिता की ते. नवराच लिहितो," मामी म्हणाली.

"आईनं अंगठी दिली, म्हणाली रमा लिही. मी लिहिलं. तुला काय म्हणतात ते विचारलंच नाही मी." त्यानं ताटाकडे बघतच सांगितलं. "सगळ्यांची नावं बदलायचे तेव्हा. मला वाटलं, असंच असतं."

"असंच असतं," मामी म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

मामानं दोन घास खाल्ले. पाण्याचा तांब्या उचलला, परत ठेवला आणि तिच्याकडे वर बघून विचारलं, "खरंच गोड होतं का गं?"

"तुमच्या नळाच्या तोंडात मारेल असं," मामी म्हणाली.

मामा हसला. पाणीपुरवठा खात्यात जन्म घालवलेला माणूस, पण हसला. मग त्यानं मशिदीमागच्या विहिरीचं विचारलं, तेल्यांच्या विहिरीचं विचारलं, आणि ती एकेक सांगत गेली. मला तिथून उठावंसं वाटेना, आणि उठायला हवं हेही कळत होतं. शेवटी मी माझं ताट उचलून मोरीकडे गेले.

बिराजदार सरांनी नवी तळटीप वाचली. 'मंदाकिनी रामचंद्र घोगरे, प्रत्यक्ष मुलाखत. वर्णन केलेल्या सर्व विहिरींचे पाणी लेखिकेने १९५५ साली स्वतः पिऊन पाहिले आहे.' सरांनी ती दोनदा वाचली. मग या बाई तुझ्या कोण, म्हणून विचारलं. मामी, असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. बाहेरचे परीक्षक कडक होते आणि घरातल्या माणसाची साक्ष ते मानणार नाहीत, अशी सरांना भीती होती. ऐन वेळी उगवलेली मामी कुणालाही संशयास्पद वाटली असती.

"पुस्तक असतं तर मी कपाटातून काढून त्यांच्यापुढं ठेवलं असतं," सर म्हणाले. "तोंडी परीक्षेच्या दिवशी बाईंना घेऊन ये. बाहेर बसू दे. लागलं तर बोलावू."

मामी यायला तयार होईल असं मला वाटलं नव्हतं. ती पहाटेच नहाऊन, सणाची हिरवी इरकल नेसून तयार होती. मामानं रजा टाकली होती. रिक्षातून कॉलेजच्या फाटकात उतरलो तेव्हा मामी क्षणभर इमारतीकडे बघत उभी राहिली. पुढच्या बाजूला नवे वर्ग बांधले होते, ते तिला ओळखू येईनात. मग जिना दिसला आणि ती आमच्या पुढे चालायला लागली. विभागाबाहेरच्या बाकावर दोघं बसली. मामानं पिशवीतून पाण्याची बाटली काढून मध्ये ठेवली.

आत माझी परीक्षा सुरू झाली. पहिली दोन प्रकरणं निभावली. तिसऱ्याशी आल्यावर परीक्षकांनी तीच ओळ काढली. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, फक्त इंग्रजीत. मी तळटीप दाखवली. ते म्हणाले, मुलाखत कुणीही लिहून आणतं. ही बाई आहे याला आधार काय?

बिराजदार सरांनी पंख्याकडे पाहिलं नाही. त्यांनी टेबलावरची घंटा वाजवली, शिपाई आला, आणि सरांनी त्याला कागदावर नाव लिहून दिलं.

आमच्या विभागाचा शिपाई उमेदवारांना कोर्टातल्यासारखा पुकारायचा. तसाच तो दारात उभा राहिला आणि साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मंदाकिनी रामचंद्र घोगरे!"

उघड्या दारातून मला बाक दिसत होता. मामी हलली नाही. नाव दुसऱ्या कुणाचं असावं आणि ती कुठून येते ते बघावं, तशी ती जिन्याकडे बघत होती. मामानं तिच्याकडे पाहिलं, पण तिला हात लावला नाही, सांगितलंही नाही. शिपायानं परत पुकारलं.

मामी उठली. पदर सारखा केला. मी जन्मात कधी ऐकला नव्हता अशा खणखणीत आवाजात, वर्गातल्या पहिल्या बाकावरून द्यावं तसं तिनं उत्तर दिलं.

"प्रेझेंट, सर."